पावण्याच्या गोळ्या

औषधाच्या खिडकीवरून 'नाही' असं उत्तर आलं, तर तुम्ही 'नाही म्हणजे काय?' असं उलट विचारता का?

विचारत नसणार. मागून रांग रेटत असते, आतला माणूस पुढच्याच्या चिठ्ठीला हात घालत असतो, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या दारात आवाज चढवायचा नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आमच्या घरातल्या माणसानेही त्या दिवशी विचारलं नाही. म्हणून आईने स्वतःच्या अंगातून काढून दिलेलं मूत्रपिंड माझ्या पोटात सध्या कसंबसं चालतं आहे. ते टिकणार की जाणार हे अजून ठरायचं आहे. ठरेपर्यंत हाताला काम हवं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी कोल्हापूरशेजारच्या गडमुडशिंगीची. शाहूपुरीत एका छपाईच्या दुकानात संगणकावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि फ्लेक्स जुळवते. वडील, म्हणजे आमचे आबा, फौंड्रीत कामाला होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. तेव्हा या लिखाणात कुठे आवाज चढला तर तो घरचाच आहे, असं समजा.

चपलेचा वळ

सुरुवात पायांपासून झाली. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहायचा. खुर्चीत बसून काम, त्यामुळे होत असेल, असं सगळेच म्हणाले. मालक म्हणाले, "जरा चालत जा गं, वडापच्या जीपमधनं येतीस नि जीपमधनंच जातीस." मग जिना चढताना धाप लागायला लागली, तोंडाची चव गेली, आणि एका सकाळी आरशात माझा चेहरा माझ्या ओळखीचा दिसेना.

रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी तो आबांच्या हातात दिला. आजार माझा, वय माझं सव्वीस, पण कागद आबांना. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आई पुढे सरकून म्हणाली, "म्हंजे काय काय खायाचं सोडायचं, सायेब?"

तिला वाटलं, वांगं बंद करा, लोणचं बंद करा, असं काही तरी असेल. डॉक्टर टेबलाकडे बघत राहिले. त्यांच्या त्या बघण्यानेच मला कळलं; पुढचं त्यांनी काय सांगितलं ते माझ्या कानात शिरलंच नाही.

परतताना वडापमध्ये शेजारी बसलेल्या बाईने आबांना विचारलं, "काय झालंय पोरीला, पावणं?" आई म्हणाली, "पित्त." तेव्हापासून गावात कितीतरी दिवस मला पित्तच होतं. लग्नाची मुलगी, त्यामुळे पित्त.

हॉल

डायलिसिसचा हॉल म्हणजे ओळीने खाटा, प्रत्येक खाटेशी एक यंत्र, आणि आपलंच रक्त नळीतून बाहेर जाऊन पुन्हा आत येताना बघत बसायचं. आठवड्यातले दिवस ठरलेले. पहिल्या दिवशी मी इतकी थरथरत होते की सिस्टरने स्वतःची शाल आणून माझ्या पायावर टाकली. हॉस्पिटलच्या चादरीपेक्षा त्या शालीची ऊब वेगळी होती. अशा गोष्टी कुठल्या बिलात येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

शेजारच्या खाटेवर ज्ञानूमामा. गगनबावड्याचे. घाटमाथ्यावरून पहाटेच्या एसटीने यायचे. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसभरात थोडंसंच. मामा म्हणायचे, "आमच्याकडं आभाळ फाटल्यागत पडतंय. छपरातनं गळतंय, भिंतीतनं पाझरतंय, आन् मी घोट घोट मोजून पितोय. देवाला कोल्हापुरी विनोद कळतोय बघ."

मी रडायला लागले की ते डोळे न उघडता म्हणत, "रडालीस व्हय? रड, रड. तेवढंच पाणी भाईर जातंय."

त्यांना मूत्रपिंड द्यायला घरी कुणी नव्हतं. बायको गेलेली, मुलगी लेकुरवाळी आणि तिचं रक्त जुळत नव्हतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

पावणा

माझ्या आईचं जुळलं. तिने निकाल ऐकला आणि विचारलं, "डावं घेणार का उजवं?" जसं काही भाकरीचा कुठला तुकडा हवा ते विचारावं.

ऑपरेशनआधी सिस्टरने तिला सगळं नीट समजावलं. ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे आमच्या घरात त्याच शब्दांनी घात केला. सिस्टरचा त्यात काही दोष नाही. इतकं सोपं करून कुठल्याही मोठ्या डॉक्टरने आम्हाला सांगितलं नव्हतं.

"हे बघा मावशी, तुमचं मूत्रपिंड पोरीच्या अंगात पावणं म्हणून चाललंय. अंग म्हणणार, कोण हे, कुठलं, हाकला ह्याला. गोळी काय करती? दारात उभारती आन् अंगाला सांगती, गप बसा, आपलंच माणूस हाय. गोळी हाय तवर पावणा हाय. सकाळ-संध्याकाळ, जल्मभर."

आई हसली. "पावण्याची सरबराई व्हय? ती आमी करतो की!"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गोळ्यांचं नाव 'पावण्याच्या गोळ्या' पडलं. सकाळची मोठी, संध्याकाळची छोटी, एकाच औषधाच्या. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पावण्याला च्या-पाणी झालं का?" आणि मी गोळी गिळायचे.

टाळ्या

ऑपरेशनसाठी काही पैसे सरकारी योजनेतून मिळाले, उरलेले गावाने जमवले. तरुण मंडळाची पोरं दारोदार फिरली. तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'आपल्या लेकीला वाचवूया'. तो फ्लेक्स आमच्याच दुकानात छापला. मीच जुळवला. मालक म्हणाले, "फोटो जरा हसरा घे, लोक हसऱ्या माणसाला देतात." मी हसरा घेतला.

आबांना ते आवडलं नव्हतं. "हक्कानं मागायचं सोडून फोटो लावून मागायचं," असं पुटपुटत ते दोन दिवस तिकटीवरून गेलेच नाहीत. पण गावाचा मी राग करणार नाही. ज्यांच्या घरात डेअरीकडून दुधाचे पैसे आल्यावरच किराणा येतो, त्या बायांनी पदराची गाठ सोडली. मी परत आले तेव्हा हलगी वाजली, आईच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं.

माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. ऑपरेशनला हलगी वाजते. गोळीला वाजत नाही. ऑपरेशन एकदा होतं, त्याचा फोटो निघतो, त्याच्यासाठी योजना असते, योजनेवर कुणाचा तरी हसरा चेहरा असतो. गोळी रोज लागते. रोज लागणाऱ्या गोष्टीचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून तिची तरतूद कुणी करत नाही. दवाखान्यातून घरी सोडलं की योजना संपली. त्यानंतर चिठ्ठीवर एकच शब्द येतो, 'बाहेरून'. औषध बाहेरून आणा. ज्या माणसाला दोनदा विचार करून रिक्षात बसावं लागतं, त्याला सांगायचं की तुझ्या जिवाची सोय बाहेर आहे, जा.

आम्ही आणलं बाहेरून. आईच्या कानातली फुलं गेली. आबांनी फौंड्रीतून सुटल्यावर एका गोडाऊनवर रखवालदारी धरली. मी संसर्गाच्या भीतीने घरात, कारण याच गोळ्या अंगाची ताकदही कमी करतात. दुकानाचं काम मालक घरी पाठवायचे, जमेल तेवढं. मधल्या काळात तिकटीवरचा फ्लेक्स उतरला. तो शेजारच्या काकांनी गोठ्यावर ताडपत्री म्हणून टाकला. आमच्या परसातून आजही मला माझा हसरा चेहरा दिसतो, खाली म्हशी.

मग आबांनी पत्रक काढलं. 'रोजच्या गोळीचा हक्क' असं वर ठसठशीत. माझ्यासारख्या रोग्यांची घरं शोधून, त्यांच्या सह्या घेऊन ते अर्ज घेऊन फिरले. चपला झिजल्या आणि एका दवाखान्याच्या मोफत औषधांच्या खिडकीवर आमच्या गोळ्या मिळायला लागल्या. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळा राग त्या एका खिडकीवर निघतो आणि बाकीच्या खिडक्या सुटतात.

तो आमचा विजय होता. मी पूर्वी विजयाबद्दल फार मोठं बोलायचे.

न्हाय

गर्दीत मला जायचं नव्हतं, म्हणून औषध आणायला आई जायची. त्या दिवशी ती घरी आली ती हातात पेढ्याचा पुडा घेऊनच. चप्पल काढायच्या आधी ओरडली, "अगं, पावणा घरचा झाला!"

आबा बाहेर आले. "काय झालं?"

"संध्याकाळची गोळी आता न्हाय म्हणालं. सकाळचीच. मी दोन बाऱ्या इचारलं की. मी म्हटलं, संध्याकाळची? तर म्हणालं, संध्याकाळची न्हाय आता. मी म्हटलं, मग सकाळचीच व्हय? म्हणालं, व्हय, सकाळचीच हाय, पुढं व्हा."

"कोण म्हणालं? डॉक्टर?"

"खिडकीवरचं सायेब. कागुद बघूनच सांगितलं त्येनं. किती दिस झालं आता पोरीला! घरात ऱ्हायलेल्या माणसाला रोज सांच्याला कोण या-बसा म्हणतंय?"

किती बरोबर वाटलं ते! पावणा येऊन कितीतरी दिवस झाले होते. तपासण्या चांगल्या येत होत्या, डॉक्टरांनी भेटीही लांबवल्या होत्या. सरकारी कागदावरचा एकही शब्द उलटसुलट केल्याशिवाय न गिळणारे आमचे आबा, त्यांनीही पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सोयरीक पक्की झाली म्हणायची." त्या संध्याकाळी दिवा लागला. च्या-पाण्याची हाक आली नाही.

खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, संध्याकाळची गोळी नाही. म्हणजे संपली आहे. शिल्लक नाही. आईने ऐकलं, संध्याकाळची गोळी नाही. म्हणजे आता लागत नाही. आमच्या बोलीत दोन्हीला एकच शब्द आहे. 'न्हाय.'

त्यानंतर डॉक्टरांकडे जाईपर्यंत माझ्या अंगाला दारात अडवणारं संध्याकाळी कुणी नव्हतं.

पुन्हा वळ

कळलं ते पायांवरूनच. एका संध्याकाळी परसातून येऊन चप्पल काढली आणि पट्ट्याचा वळ तसाच राहिला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होते. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी रक्ताचा कागद पाहिला आणि विचारलं, "संध्याकाळची गोळी घेत नाहीयेस? कुणी बंद केली?"

आई अभिमानाने म्हणाली, "खिडकीवरच्या सायबानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग तिच्या चेहऱ्यावरून तो अभिमान उतरत गेला. इतक्या सुया टोचून घेतल्या, पण त्या उतरणाऱ्या चेहऱ्याइतकं मला काही दुखलेलं नाही.

लगेच भरती केलं. शिरेतून औषधं दिली, मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला. "बघू," असं म्हणाले.

आबा खिडकीवर भांडायला गेले आणि खाली मान घालून आले. तो माणूस त्यांना म्हणाला होता, "मी कशाला बंद करीन काका? संपलीती. संपल्यावर आमी न्हायच म्हणतो की. दिवसभर तेवढंच म्हणायचं काम हाय मला." मग सगळं ऐकल्यावर त्याने चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, "वरनं मालच येईना. संपलीय म्हणून लिवून द्यायचा बी अधिकार मला न्हाय. पाटी लावली तर साहेब काढाय लावतात."

हे वाक्य पुन्हा वाचा. औषध संपलं आहे, हे लिहिण्याचा अधिकार कुणाला नाही. कारण लिहिलं की ते संपल्याचं सिद्ध होतं, आणि सिद्ध झालं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. बोललेला 'न्हाय' हवेत विरतो. तो फक्त माझ्यासारख्याच्या अंगात राहतो.

घरी आल्यावर आबांचा तोल गेला. "तुला मराठी कळत न्हाय व्हय गं? न्हाय म्हंजे काय, एवढं इचारता येत न्हाय?"

आई भांडी घासत होती. घासत राहिली.

मी म्हटलं, "आबा, तिला समदं कळतंय. त्या खिडकीला बोलाय कळत न्हाय. आन् पेढा तुमी बी खाल्ला."

आबा उठून बाहेर गेले. बरेच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. ताटं वाढली जायची, उचलली जायची. आई माझ्यापेक्षा कमी जेवायला लागली. एका दुपारी आबांनी कागद पुढे ओढला, पत्रक लिहायला. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर लिहिलेल्या त्या माणसाला पहिली ओळ सुचेना. 'नागरिक बंधू-भगिनींनो' एवढं लिहून ते उठले. त्या ओळीखालचं मी लिहिते आहे.

ठरलं

वरचं सगळं लिहून झालं, त्यानंतर बरेच दिवस गेले. आता ठरलं आहे. आईचं मूत्रपिंड थांबलं.

मी पुन्हा त्या हॉलमध्ये आहे. पहिल्या दिवशी आत शिरले तेव्हा ज्ञानूमामांनी एक डोळा उघडला. खूप वाळले आहेत. म्हणाले, "आलीस व्हय? तुझी खाट लई दिस धरून ठेवलीती, शेवटी दुसऱ्याला दिली." दोघंही हसलो. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. यंत्र बंद होईपर्यंत ते काही या कुशीवर वळले नाहीत. सिस्टरने तीच शाल आणून पायावर टाकली आणि पटकन निघून गेली. तिला कुणी तरी पेढ्याची गोष्ट सांगितली असावी.

थांबलेलं मूत्रपिंड सहसा काढत नाहीत, आतच ठेवतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "म्हंजे पावणा हाय अजून?"

"आहे मावशी. पण काम करत नाही."

आईने पदर सारखा केला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "दुसरं बी घ्या की माझं. एकटं गेलं म्हणून करमलं नसंल त्येला."

डॉक्टरांनी तिला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे. आबांना साखरेचा आजार आहे, त्यांचं चालत नाही. दुसरं कुणी नाही. मृत दात्याचं मूत्रपिंड मिळण्यासाठी थांबलेल्यांच्या यादीत माझं नाव घातलं आहे. ती यादी कशी सरकते हे मी तिच्यात कधीपासून असलेल्या ज्ञानूमामांकडे बघून शिकते. आणि समजा उद्या कुणाचं मिळालं, तरी त्या नव्या पावण्यालाही सकाळ-संध्याकाळ गोळी लागेल आणि ती याच खिडकीतून यायची आहे. मला आशेचं काही लिहिता येत नाही. शोधलं, सापडलं नाही.

त्या भेटीत डॉक्टर म्हणाले, आता त्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद करायच्या. आईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. अंगठ्याएवढी असलेली ही माझी आई, सायबापुढे कधी मान वर न करणारी, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "संपल्यात म्हणून बंद, का लागत न्हाईत म्हणून बंद?"

"लागत नाहीत म्हणून, मावशी."

"लिवून द्या."

त्यांनी लिहून दिलं.

हाच प्रश्न तिने त्या दिवशी खिडकीवर विचारला असता तर, असं आबा मनात म्हणत असतील. मी म्हणत नाही. तिच्या मागे रांगेत कितीतरी माणसं उभी होती, त्यात माझ्यासारखी शिकलेली होती, आबांसारखी वाचणारी होती. सगळ्यांनी ते दोन वाक्यांचं बोलणं ऐकलं. पेढे घ्यायला निघालेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंदही कुणी तरी पाहिला असेल. मोफत औषधांच्या खिडकीवरून इतक्या आनंदात कोण परत जातं, हे कुणाच्याही मनात आलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागते. वर्गणी नको, फ्लेक्स नको. पुढच्या वेळी तुम्ही कुठल्याही दवाखान्यात औषधाच्या रांगेत असाल आणि तुमच्या पुढची बाई 'न्हाय' ऐकून वळायला लागेल, तेव्हा तिला तशीच जाऊ देऊ नका. आपला नंबर गेला तरी चालेल. तिला थांबवा, तिच्याबरोबर पुन्हा खिडकीशी उभे राहा आणि आतल्या माणसाला मोठ्याने विचारा, "संपलंय, का बंद केलंय?" आणि तो जे सांगेल ते तिच्या चिठ्ठीवर लिहून मिळेपर्यंत तिथून हलू नका.